मे महिन्यातली रक्तपेढी : पाचपैकी चार तारे

11 मेला नाशिकच्या एका धर्मादाय रक्तपेढीत रक्त देऊन आले. ही माझी सातवी वेळ. पेढीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. तुमच्या घराजवळ जी परवानाधारक पेढी असेल तिथेच जा, नियम सगळीकडे सारखे आहेत.

मे महिनाच का, ते आधी सांगते. रक्तदान शिबिरं भरतात कॉलेजांत, कंपन्यांत, पुढाऱ्यांच्या वाढदिवसाला. मेमध्ये कॉलेजं बंद, निम्मं शहर गावाला, वर ऊन. थॅलेसेमियाच्या मुलाला मात्र दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त चढवावंच लागतं. आणि रक्त साठवून तरी किती दिवस ठेवणार? तांबड्या पेशी जास्तीत जास्त 42 दिवस टिकतात, प्लेटलेट तर पाचच दिवस. शिवजयंतीला, 19 फेब्रुवारीला दिलेल्या पिशवीतल्या तांबड्या पेशी 2 एप्रिलनंतर कुणाला चढवता येत नाहीत. हे कळल्यापासून मी शिबिराची वाट बघणं सोडलं आणि सरळ पेढीत जाऊ लागले.

तीन वर्षांपूर्वी पहिल्यांदा गेले तेव्हा मला परत पाठवलं होतं. बोटाला सुई टोचून रक्ताचा थेंब मोरचुदाच्या निळ्या पाण्यात सोडतात. हिमोग्लोबिन साडेबारा असेल तर तो तळाला जातो. माझा वरच तरंगत राहिला. मला फार वाईट वाटलं. पण तिथल्या डॉक्टरबाईंनी मला बसवून घेतलं, लोहाच्या गोळ्या लिहून दिल्या, आणि त्या चहाबरोबर घ्यायच्या नाहीत, लिंबाच्या सरबताबरोबर घ्यायच्या, हेही सांगितलं. आपल्याकडे कितीतरी बायका वर्षानुवर्षं दमतात आणि ते वयाचं किंवा कामाचं म्हणून सोडून देतात. मीही तेच करत होते. चार महिन्यांनी पुन्हा गेले, तेव्हा थेंब बुडाला. या पेढीला मी चार तारे देते ते सगळ्यात आधी त्या दहा मिनिटांसाठी.

बाकी सगळं सुरळीत. फॉर्म, वजन, रक्तदाब, मग खुर्ची. हातात दाबायला मऊ चेंडू देतात. शेजारचं छोटं यंत्र पिशवीला पाळण्यासारखे झोके देत असतं, म्हणजे आत रक्त गोठू नये. 350 मिलीलिटरला मला आठ मिनिटं लागली. नंतर कॉफी, बिस्किटं आणि पंधरा मिनिटं सक्तीची विश्रांती. एकूण पाऊण तास.

एक तारा कापला तो प्रश्नावलीच्या टेबलासाठी. मलेरिया, टॅटू, औषधं इथपर्यंत ठीक, पण पुढे शरीरसंबंधांचे प्रश्न येतात, आणि ते टेबल रांगेपासून दोन हातांवर आहे. माझ्यामागे कॉलेजचा एक मुलगा उभा होता. माझी उत्तरं त्याला ऐकू जात होती, त्याची नंतरच्या माणसाला. लाजेपोटी कुणी खोटं सांगितलं तर? पिशवीची एचआयव्ही, काविळीसाठी तपासणी होतेच, पण अगदी ताजा संसर्ग तपासणीतूनही निसटू शकतो. अशा वेळी रुग्णाची सारी भिस्त त्या खऱ्या उत्तरावरच असते. मी दोनदा लेखी सांगितलंय. साधा पडदा लावला तरी भागेल. अजून लावलेला नाही.

हे सगळं माझ्या इतकं जिव्हाळ्याचं का, तेही सांगते. 1999 साली धाकटीच्या वेळी मला फार रक्तस्राव झाला. दोन पिशव्या चढवल्या. त्यांवर नाव नव्हतं, फक्त रक्तगट आणि नंबर. पूर्वी आपल्याकडे पैशांसाठी रक्त विकणारे होते. सर्वोच्च न्यायालयाच्या 1996 च्या निकालामुळे 1 जानेवारी 1998 पासून ते बंद झालं. म्हणजे माझ्यासाठी ज्या दोघांनी हात पुढे केला त्यांनी पैसे घेतलेले नव्हते. धाकटी आता नोकरीला लागली आहे. तिला आई आहे ती त्या दोन नंबरांमुळे.

म्हणून दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी मी पेढीत फोन करायला बसते. पुरुषांना 90 दिवसांनी पुन्हा रक्त देता येतं, बायकांना 120 दिवसांनी. ज्यांचे दिवस भरलेत त्यांची यादी समोर असते. बरेच जण म्हणतात, "अहो ताई, द्यायचंच होतं, लक्षातच राहिलं नाही." त्यातले काही त्याच आठवड्यात येतात. पेढीला या कामाला माणसं हवी आहेत. दोन तास आणि बोलण्यातला गोडवा, एवढंच लागतं.

जाणार असाल तर पोटभर जेवून जा, आदल्या रात्री नीट झोपा, पाणी भरपूर प्या. शनिवारी सकाळी दहाच्या सुमारास रांग नसते. माझ्या कार्डावर पुढची तारीख 8 सप्टेंबर पडली आहे.