मापाचा गोल्फ सेट: परदेशात की इथेच?

गेल्या वर्षभरात हा प्रश्न मला तिघा-चौघांनी विचारला. सगळे पन्नाशी ओलांडलेले, आठवड्यातून दोन-तीनदा खेळणारे आणि मुलं परदेशात असलेले. ‘यंदा मुलाकडे जातोच आहे, तर तिथूनच मापाचा सेट करून आणू का?’ मी दोन्ही अनुभव घेतले आहेत. एक सेट न्यू जर्सीत मुलीकडे गेलो असताना मोजमाप देऊन बांधून घेतला, आणि पुढे तोच सेट पुण्यात बसून मापाला आणून घ्यावा लागला. त्यामुळे माझा कल कुठे आहे ते लपणार नाही, पण दोन्ही बाजू मांडतो.

आधी मुळात मापाचा सेट हवा का, ते बघू. माझी उंची ५ फूट ५ इंच. दुकानात तयार मिळणारा पुरुषांचा सेट साधारण ५ फूट ९-१० इंचांचा माणूस धरून बांधलेला असतो. तसा सेट हातात घेऊन मी आठ वर्षं येरवड्याला खेळलो, आणि आठ वर्षं माझा चेंडू डावीकडे जात राहिला. त्यावर शिकवण्या लावल्या, पकड बदलली, उभं राहण्याची पद्धत बदलली. शेवटी एका जुन्या कॅडीने, म्हणजे काठ्यांची पिशवी घेऊन सोबत चालणाऱ्याने, सात नंबरच्या काठीच्या फटक्यानंतर उडालेलं ढेकूळ उचललं आणि खालचा खड्डा दाखवला. पायांकडच्या बाजूला खोल, पलीकडे नुसतं गवत खरवडलेलं. “साहेब, टो हवेत राहतोय. टाच आधी लागतीय.” टो म्हणजे हेडचं, चेंडूला लागणाऱ्या भागाचं, बाहेरचं टोक; टाच म्हणजे शाफ्टकडचं, दांड्याकडचं. थोडक्यात, लाय अँगल, म्हणजे दांड्याचा जमिनीशी होणारा कोन, माझ्यासाठी जास्त उभा होता. टो वर राहिला की उजव्या हाताने खेळणाऱ्याचा चेंडू डावीकडेच निघतो. यात माझ्या स्विंगचा दोष नव्हताच असं नाही, पण निम्मा दोष काठीचा होता.

म्हणून मराठी माणसाच्या सरासरी उंचीला मापाचा सेट ही चैन नाही, गरज आहे, असं माझं मत झालंय. अर्थात नुसत्या उंचीवर जाऊ नका. माझा एक मित्र माझ्याहून बुटका आहे, पण त्याचे हात लांब आहेत आणि त्याला तयार सेट चपखल बसतो. उभं राहून मनगटापासून जमिनीपर्यंतचं अंतर मोजतात ते याचसाठी.

ज्यांना खेळायला लागून सहा महिनेही झाले नाहीत, त्यांनी थांबावं. स्विंग अजून महिन्यागणिक बदलत असतो. बायकांच्या बाबतीत मात्र मी उलट सांगेन. नवऱ्याचा जुना सेट दोन इंच कापून बायकोला द्यायची पद्धत आपल्याकडे सर्रास आहे. कापल्याने लांबी कमी होते, पण जड हेड आणि ताठ शाफ्ट तसाच राहतो. मग चेंडू उंच उठत नाही आणि दोष तिच्या ताकदीला दिला जातो. माझ्या बायकोचं हेच झालं होतं. हलक्या ग्रॅफाइट शाफ्टचं एकच सात नंबर तिच्या हातात दिलं तेव्हा फरक दिसला, आणि तोवर तिची दोन वर्षं वाया गेली होती.

आता परदेशातला स्टुडिओ. त्याचं कौतुक मनापासून करतो. भिंतभर हेड्स, खोकीच्या खोकी शाफ्ट, आणि चेंडूचा वेग, उंची, फिरकी क्षणात दाखवणारं यंत्र. माझा समज होता की मला स्टिफ, म्हणजे ताठ, शाफ्ट लागतो. तिथे पंधरा-वीस फटक्यांत कळलं की त्याहून लवचिक अशा रेग्युलरने चेंडू जास्त उंच जातो आणि जास्त लांब पडतो. पर्यायांची एवढी रेलचेल मला पुण्यात कुठे मिळाली नाही. हा मुद्दा त्यांच्याकडे जातो.

पण दोन गोष्टी तेव्हाच लक्षात यायला हव्या होत्या. मी विमानातून उतरून तिसऱ्या दिवशी गेलो होतो, पाठ आखडलेली, झोप उलटीपालटी. त्या दिवशीचा स्विंग म्हणजे माझा स्विंग नव्हे. शिवाय सगळे फटके मॅटवर. मॅटवर काठी चेंडूच्या आधी टेकली तरी घसरून पुढे जाते आणि फटका बरा वाटतो. आपल्याकडे एप्रिल-मेच्या कडक जमिनीवर तीच काठी उसळते. वेजचा, म्हणजे जवळच्या उंच फटक्यांच्या काठीचा, बाउन्स (हेडच्या तळाचा फुगीरपणा) किती हवा हे मॅटवर ठरवणं मला तरी आता पटत नाही.

माझा निर्णय झाला तो मात्र एका नऊ नंबरमुळे.

सेट बांधून यायला काही आठवडे लागतात. तो मुलीच्या घरी पोचला तेव्हा मी पुण्यात परतलो होतो. चार महिन्यांनी जावई येताना घेऊन आला. बाकी सगळं उत्तम, पण नऊ नंबर पुन्हा डावीकडे. आठ सरळ, पिचिंग वेज सरळ, मधलंच एक तिरकं. इथे लॉफ्ट-लाय मशीनवर, म्हणजे हेडचा कल आणि लाय मोजून वाकवणाऱ्या यंत्रावर, लावून बघितलं, तर कागदावर लिहिलेल्या मापापेक्षा दीड अंश जास्त उभं निघालं. त्या दुकानाला मेल केली. उत्तर अत्यंत नम्र आलं: काठी पाठवून द्या, आम्ही विनाशुल्क दुरुस्त करून देऊ. एक आयर्न, म्हणजे अशी एक नंबराची काठी, पुण्याहून अमेरिकेला धाडायचं आणि परत मागवायचं! दीड अंशाचं काम, मशीनवर दहा मिनिटांचं. खर्चापेक्षा मला जाचलं ते हे की माझा सेट आणि तो बांधणारा माणूस यांच्यात आता समुद्र होता.

ते नऊ नंबर इथल्याच एका दुरुस्तीवाल्यांनी वाकवून दिलं. माझं हेड कास्ट, म्हणजे ओतीव होतं, फोर्ज्ड, म्हणजे ठोकून घडवलेलं नव्हे, म्हणून आधी त्यांनी स्पष्ट सांगितलं की दोन अंशांपलीकडे मी जाणार नाही, तडकू शकतं. मग चेंडूवर मार्करने उभी रेघ ओढली, रेघ हेडच्या बाजूला ठेवून गवतावरून मारायला लावलं, आणि हेडवर उमटलेली रेघ बघितली. ती तिरकी, म्हणजे लाय चुकलेला. पुन्हा मशीन, पुन्हा फटका. तिसऱ्या खेपेला रेघ सरळ उभी उमटली. ते बघताना जो विश्वास वाटला तो मला त्या आकड्यांच्या कागदाने दिला नव्हता.

या वाटेच्याही मर्यादा आहेत. इथे तीस शाफ्ट आजमावायला मिळत नाहीत. ड्रायव्हरसाठी, म्हणजे सगळ्यात लांब फटक्याच्या काठीसाठी, तर मी अजूनही यंत्र असलेल्या स्टुडिओतच जाईन, पण मुंबई किंवा बंगळुरूच्या, जिथे पुन्हा जाता येईल अशा. जुना सेट घेऊन तो मापाला आणणार असाल तर कापाकापीचा हिशेब आधी विचारून घ्या. अर्धा इंच कापला की स्विंगवेट, म्हणजे काठी फिरवताना हेड किती जड लागतं त्याचं माप, साधारण तीन अंकांनी उतरतं, D२ चं C९ होतं, आणि काठी हातात पोकळ लागते. हेडला पाच-सहा ग्रॅमची शिशाची पट्टी लावून ते भरून काढतात. हे स्वतःहून सांगणारा माणूस भेटला तर त्याला सोडू नका. पिंग कंपनीचा जुना सेट मिळाला तर आयर्नवरचा रंगीत ठिपका बघा: काळा म्हणजे स्टँडर्ड लाय, लाल म्हणजे त्याहून थोडा सपाट. आपल्यासारख्या उंचीला लाल ठिपक्याचा सेट मिळाला तर निम्मं काम आधीच झालेलं असतं.

मुलाकडे वर्षातून दोनदा, महिना-महिना राहणाऱ्यांचं गणित वेगळं असू शकतं. ते पहिल्या खेपेला माप देऊन दुसऱ्या खेपेला दुरुस्त करून घेऊ शकतील. माझं तसं नाही.

परवा त्याच दुरुस्तीवाल्यांकडे ग्रिप बदलायला गेलो होतो. पावसाळ्यात त्या पार गुळगुळीत झाल्या होत्या. ग्रिप बसवून झाल्यावर त्यांनी न सांगताच नऊ नंबर पुन्हा मशीनवर चढवलं. अर्धा अंश हललं होतं. तिथल्या तिथे सरळ करून हातात दिलं आणि म्हणाले, “कडक जमिनीवर खेळता तुम्ही, दर सहा महिन्यांनी दाखवत जा.”