अकारा: भिजवलेली चवळी की तयार पीठ?

शनिवारी सकाळी घरी अकारा (चवळीच्या वाटणाचे तळलेले नायजेरियन वडे) करायचा, पण चवळी सोलत बसायचं की बाजारातलं चवळीचं पीठ आणायचं, असा प्रश्न लागोसला नव्याने राहायला गेलेल्या एका मैत्रिणीने विचारला. पाकिटावर काहीही छापलेलं असो, कढईत काय होतं ते पाहू.

मेहनत: खरा फरक इथेच. चवळी थोडा वेळच भिजवायची, साल सैल झालं की चोळून काढायचं आणि पाण्यावर तरंगणारी सालं पुन्हापुन्हा ओतून टाकायची. कंटाळवाणं काम आहे, नाकारत नाही. मग कांदा आणि तिखट लाल मिरची घालून, पाणी अगदी बेताचं ठेवून वाटायचं. पिठात हे सगळं वाचतं. कोमट पाण्यात कालवून थोडा वेळ मुरू द्यायचं, कांदा-मिरची वेगळी वाटून मिसळायची.

पोत: ताज्या वाटणाचा अकारा आतून हलका, जाळीदार होतो. पिठाचा बहुधा घट्ट, किंचित कोरडा. दोन्ही प्रकारांत मिश्रण भरपूर फेटायचं, कारण फुगवायला सोडा नाही, हवाच असते. मीठ तळण्याच्या आधी घाला.

खर्च: घरची चवळी साधारण स्वस्त पडते. तेल दोन्हीकडे तेवढंच.

पाहुणे असतील, ओगीसोबत (आंबवलेल्या मक्याची पातळ लापशी) मनासारखा अकारा हवा असेल तर चवळीच. शुक्रवारी रात्री सोलून फ्रीजमध्ये ठेवा. ऑफिसच्या दिवशी, पावात भरून पळायचं असेल तर पीठ चालेल.