‘निक ऑफ टाइम’ला ‘वेळेवर’ म्हणणारी पुस्तिका

पुण्याच्या अप्पा बळवंत चौकात स्पर्धा परीक्षांच्या गठ्ठ्यांशेजारी इंग्रजी वाक्प्रचारांच्या खिशात मावणाऱ्या पुस्तिका मिळतात. त्यातलीच ही एक. नाव घेत नाही, दोष तिच्या एकटीचा नाही. कागद बरा, टाइप ठसठशीत, सिटी बसमध्ये उभ्यानेही वाचता येते. खोट आहे ती वेळेविषयीच्या पानांत.

‘इन द निक ऑफ टाइम’पुढे एकच शब्द छापलाय: वेळेवर. झालं, इथेच घसरगुंडी. सव्वासातची डेक्कन क्वीन घ्या. गाडी बरोबर ७.१५ला हलली, तर ती ‘ऑन टाइम’. तुम्ही सातला फलाटावर हजर, तर ‘इन टाइम’. आणि जिना उतरून धापा टाकत डब्यात शिरलात नि मागोमाग गाडी हलली, तर ‘जस्ट इन द निक ऑफ टाइम’. म्हणजे हुकण्याची धास्ती हवी, ती काठावर टळायला हवी आणि काम फत्ते व्हायला हवं. गाडी सुटली, तर हा वाक्प्रचार बाद. पुस्तिकेच्या भरवशावर कुणीही ‘द बँक ओपन्स इन द निक ऑफ टाइम’ लिहील, आणि वाचणारा विचारेल, दरोडा पडणार होता का?

मराठीत ‘अगदी ऐन वेळी धावून आला’ हे जवळचं. पण ‘ऐनवेळी लाइट गेली’मधलं ऐनवेळी इथे चालत नाही. निक म्हणजे खाच. १६व्या शतकात नुसतं ‘इन द निक’ म्हणत, ‘ऑफ टाइम’ मागाहून चिकटलं. ही एक ओळ छापली असती, तर ‘ॲट द निक’ लिहिण्याची चूकही टळली असती: खाचेत बसतात, खाचेपाशी नाही.

‘इलेव्हन्थ अवर’चा अर्थ ‘रात्री अकरा वाजता’ वाचून मात्र कपाळाला हात लागतो. हा तास बायबलमधल्या मत्तयाच्या २०व्या अध्यायातला, द्राक्षमळ्याच्या मजुरांचा. तिथे उजाडल्यापासून मावळेपर्यंत दिवसाचे बारा भाग. अकरावा संपला, की संध्याकाळचे साधारण पाच. आपल्याकडे ‘शेवटच्या घटकेला’. यात काम झालं काय, फसलं काय, दोन्ही चालतं. परीक्षा ‘ॲट द इलेव्हन्थ अवर’ पुढे ढकलली असं म्हणता येतं, ‘निक’ तिथे बसत नाही.

एमपीएससीसाठी यादी पाठ करायला पुस्तिका चालेल, पण बहुपर्यायी प्रश्नात ‘पंक्चुअली’ आणि ‘जस्ट बिफोर इट वॉज टू लेट’ शेजारी आले, की ही पुस्तिका हमखास चुकीचा पर्याय निवडायला लावेल. समास मात्र रुंद सोडलाय, पेन्सिलीच्या दुरुस्त्या मावतात.