झवेरी बाजारातलं चांदीकाम: हात सोन्याचा, पॉलिशपासून सावध

आमच्या प्रार्थनालयातल्या सेफेर तोराचे, म्हणजे ज्यूंच्या धर्मग्रंथाच्या हस्तलिखित गुंडाळीचे, दोन रिम्मोनिम दुरुस्तीला दिले होते आणि आजोबांच्या नावानं एक नवी याद घडवायला. दुकानाचं नाव देत नाही, कारण तक्रारही करायची आहे. खाली काउंटर, वर माळ्यावर कारागीर.

रिम्मोन म्हणजे डाळिंब. आम्हा बेने इस्राएलांचा, म्हणजे मराठी ज्यूंचा, सेफेर लाकडी पेटीत उभा असतो. तिच्या माथ्यावर हे चांदीचे दोन कळस बसतात, भोवती बारक्या घंटा. याद म्हणजे हात. चांदीची काडी आणि टोकाला तर्जनी काढलेला इवलासा पंजा. चर्मपत्राला बोट लागू नये म्हणून वाचणारा ओळीवरून ती फिरवतो. शेठनी विचारलं, "देव्हाऱ्याचे कळस का, ताई?" मी हो म्हणून टाकलं. फार चूकही नव्हतं.

याद 55 ग्रॅमची झाली. घडणावळ 4500 रुपये, वाजवी. पंजा ओतीव, पण काडीवरची वेल हातानं कोरलेली, आणि बोटाला नखसुद्धा! मनगटात न सांगता एक बारीक कडं घातलंय. शोभतंय, राहू दिलं.

घोळ झाला अक्षरांत. आजोबांचं नाव दावीद. हिब्रूत त्याला दोन दालेत, म्हणजे 'द' ही अक्षरं, लागतात. दालेतचा कोपरा टोकदार हवा, तो गोल झाला की रेश, म्हणजे 'र', होतो. कारागिरानं दोन्ही कोपरे छान गोल केले. आजोबांचा रावीर झाला! झाळून पुन्हा कोरून दिलं, पैसे घेतले नाहीत. पण उन्हात धरलं की डाग दिसतो.

रिम्मोनिमचा पोचा आतून वाकड्या सळीनं इतका सफाईनं उचललाय की कुठे होता ते मलाच सापडेना. हरवलेल्या घंटेच्या जागी मात्र पैंजणाचं घुंगरू लावून ठेवलं होतं. सेफेर हेखालातून, म्हणजे तो ठेवायच्या पवित्र कपाटातून, बाहेर येतो तेव्हा आम्ही उभे राहतो ते हा नाद ऐकत; त्यात छुमछुम? मग कारागिरानं मोडीच्या डब्यात अर्धा तास शोधून लोलकवाली जुनी घंटा काढली. तो अर्धा तास मी विसरणार नाही.

पण एका रिम्मोनला मी पोचायच्या आत मशीनवर पॉलिश मारलं होतं. पाकळ्यांच्या कडा बोथट झाल्या आणि खाचांतला काळपटपणा, ज्यानं नक्षी उठून दिसायची, तो गेला. शेठ म्हणाले, "नव्यासारखं केलं ना!" तेच तर नको होतं. दुसरा मी रिठ्याच्या पाण्यात मऊ ब्रशनं समोर बसून धुवून घेतला. आता जोडीतला एक आजोबा, एक नातू दिसतो.

पाचपैकी साडेतीन. अक्षरं मोठी काढून न्या, पॉलिशचं आधीच बजावा, आणि जमलं तर माळ्यावर स्वतः बसा. चहा देतात.