आठ महिने मॅग्नेशियम आणि क्रोमियम: वजन, साखर आणि वाया जाणारी थायरॉईडची गोळी

आधी माझ्याबद्दल थोडं सांगते, म्हणजे हा अनुभव तुम्हाला कितपत लागू पडेल ते ठरवता येईल. वय ४७, उंची पाच फूट दोन इंच, राहायला चिंचवड, नोकरी सकाळच्या शाळेत. थायरॉईडची गोळी अकरा वर्षांपासून चालू आहे, ७५ मायक्रोग्रॅमची. गेल्या मे महिन्यात तपासण्या केल्या तेव्हा वजन ७३.८ किलो, कंबर ९४ सेंटिमीटर आणि एचबीए१सी, म्हणजे मागच्या दोन-तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा, ६.१ होतं. टीएसएच (थायरॉईड कमी पडलं की हा आकडा वाढतो) २.८, म्हणजे थायरॉईड जागेवर.

एचबीए१सी ५.७ ते ६.४ असलं की मधुमेहाचा उंबरठा समजतात. माझ्या वडिलांना मधुमेह होता. त्यांच्या पायाची जखम शेवटची दोन वर्षं भरली नाही, रोजचं ड्रेसिंग मी केलं आहे. त्यामुळे ६.१ हा आकडा वाचून रात्रभर झोप लागली नाही. डॉक्टर म्हणाले, औषधाची गरज नाही, तीन महिने जेवण आणि चालणं सांभाळा, मग बघू. मला मात्र तेवढ्यानं समाधान होईना. काहीतरी हातात हवं होतं, घेता येईल असं.

त्याच आठवड्यात जाऊबाईंनी दोन डब्या दाखवल्या. एक क्रोमियम पिकोलिनेट, २०० मायक्रोग्रॅम. दुसरी मॅग्नेशियमची. ‘गोड खावंसं वाटत नाही, पोट कमी होतं, साखर आटोक्यात येते’ असं त्यांना कोणीतरी सांगितलं होतं आणि त्यांनी मला. जून महिन्यात मी दोन्ही सुरू केल्या. एक मात्र ठरवलं होतं: पहिले तीन महिने जेवणात, चालण्यात काहीही बदल करायचा नाही, म्हणजे गोळ्यांनी काय केलं ते कळेल. दर रविवारी सकाळी उपाशीपोटी वजन, त्याच काट्यावर. वही अजून आहे, खालचे आकडे तिच्यातूनच देते आहे.

पहिल्या महिन्यात वजन ७२.९ झालं. नऊशे ग्रॅम! मी आनंदात होते. पण तो आनंद फसवा होता. मॅग्नेशियमची जी पहिली डबी आणली ती ऑक्साईडची होती, आणि तिनं मला दिवसातून तीन-तीनदा पातळ होत होतं. शाळेत दोन तासांच्या मध्ये वर्ग सोडून जावं लागायचं. जे उतरलं ते पाणी होतं. डबी बदलली, पोट ताळ्यावर आलं आणि जुलैअखेर वजन पुन्हा ७३.७.

डबी बदलताना लेबल नीट वाचायला शिकले, ते इथे सविस्तर सांगते, कारण दुकानदारही हे सांगत नाहीत. मॅग्नेशियम कधी एकटं मिळत नाही, ते कशाशी तरी जोडलेलं असतं. ऑक्साईडमध्ये वजनाच्या साधारण ६० टक्के मॅग्नेशियम असतं, पण ते आतड्यात फारसं शोषलं जात नाही आणि जुलाब करतं. सायट्रेटमध्ये १६ टक्के, ग्लायसिनेटमध्ये साधारण १४ टक्के. म्हणजे डबीवर समोर मोठ्या अक्षरात ‘मॅग्नेशियम ग्लायसिनेट १००० मि.ग्रॅ.’ लिहिलेलं असलं तरी प्रत्यक्ष मॅग्नेशियम १४० मि.ग्रॅ.च्या आसपास असतं. मागच्या बाजूला बारीक अक्षरात ‘एलिमेंटल’ असं लिहिलेला आकडा असतो, तोच खरा. तो दिलेलाच नसेल तर ती डबी मी घेत नाही. १००० मि.ग्रॅ. ग्लायसिनेटमध्ये कोणी २५० एलिमेंटल सांगत असेल, तर त्यात ऑक्साईड मिसळलेलं आहे असं समजा. काही डब्यांवर त्याला ‘बफर्ड’ म्हटलेलं असतं. पोट नाजूक असणाऱ्यांना हा फरक दुसऱ्या दिवशी सकाळीच कळतो. अमेरिकेत मोठ्या माणसांसाठी गोळ्यांतून घ्यायच्या मॅग्नेशियमची वरची मर्यादा दिवसाला ३५० मि.ग्रॅ. धरली आहे, तीही मुख्यतः या जुलाबांमुळेच. जेवणातलं मॅग्नेशियम त्यात धरत नाहीत.

आता मुख्य गोष्ट. ऑगस्टमध्ये मला विलक्षण थकवा यायला लागला. चौथ्या तासाला खुर्चीवर बसून शिकवावंसं वाटायचं. केस गळून बाथरूमच्या जाळीत अडकायचे. वजन ७४.६, सुरू केलं तेव्हापेक्षा जास्त. मला वाटलं गौरी-गणपतीच्या तयारीचा शीण असेल. सप्टेंबरमध्ये ठरलेल्या तपासण्या केल्या तर एचबीए१सी ६.१, जागचं हललं नव्हतं. आणि टीएसएच ८.२.

डॉक्टरांनी रिपोर्ट पाहिला आणि डोस वाढवायच्या आधी एकच प्रश्न विचारला, ‘नवीन काय सुरू केलंय?’ मी दोन्ही डब्या पर्समधून काढून टेबलावर ठेवल्या. ‘किती वाजता घेता?’ शाळा सातची. थायरॉईडची गोळी सहाला, उपाशीपोटी. पावणेसातला चहा-पोह्यांबरोबर क्रोमियम आणि मॅग्नेशियम, कारण रात्री विसरायला होतं. त्यांनी मान हलवली. मॅग्नेशियम, कॅल्शियम, लोह हे सगळे थायरॉक्सिनला, म्हणजे थायरॉईडच्या गोळीतल्या औषधाला, आतड्यातच धरून ठेवतात, ते रक्तात पुरेसं पोचत नाही. क्रोमियम पिकोलिनेटही तेच करतं. दोन्हींत किमान चार तासांचं अंतर हवं. म्हणजे तीन महिने मी थायरॉईडची गोळी रोज नेमानं घेत होते आणि तिच्यातला बराच भाग फुकट जात होता. वजन कमी करायला घेतलेल्या गोळ्यांनी वजन वाढवणारा दोष परत आणला होता.

हे लिहायला बसण्याचं खरं कारण हेच आहे. आपल्याकडे थायरॉईडची गोळी घेणाऱ्या बायका किती आहेत हे कुठल्याही स्टाफरूममध्ये विचारून पाहा. आमच्या शाळेत सतरा शिक्षिकांपैकी पाच आहेत. त्याच वयात वजन वाढतं, त्याच वयात कोणीतरी या डब्या सुचवतं. माझ्या दोन्ही डब्यांच्या लेबलवर थायरॉईडचा उल्लेखही नव्हता. ‘औषधी वापरासाठी नाही’ हे वाक्य होतं, पण त्यातून काय बोध घ्यायचा ते सामान्य माणसाला कळत नाही. काही अँटिबायोटिक्सनाही मॅग्नेशियम असंच अडवतं, तेव्हा ताप-खोकल्याची औषधं आणतानाही फार्मसीत विचारा.

डॉक्टरांनी डोस वाढवला नाही. मॅग्नेशियम रात्री साडेनऊला घ्यायला सांगितलं आणि क्रोमियमबद्दल ‘हवं असेल तर दुपारच्या जेवणाबरोबर घ्या, पण फार अपेक्षा ठेवू नका’ म्हणाले. मी आणखी पाच आठवडे दुपारी घेतलं आणि ऑक्टोबरच्या मध्यावर बंद केलं. आठ आठवड्यांनी, नोव्हेंबरमध्ये टीएसएच ३.१.

क्रोमियमविषयी मी मग शांतपणे वाचलं. या धातूची ख्याती १९५९ सालापासूनची. अमेरिकेत श्वार्ट्झ आणि मर्त्झ यांनी उंदरांवरच्या प्रयोगांत पाहिलं की साखर नीट न पचणाऱ्या उंदरांना क्रोमियमनं फरक पडतो. पुढे १९७७ मध्ये एका बाईंची नोंद आली. त्यांचं सगळं पोषण काही वर्षं शिरेतून चालू होतं, साखर बिघडली होती, क्रोमियम दिल्यावर सुधारली. ज्याच्या शरीरात ते उरलेलंच नाही त्याला ते दिल्यावर उपयोग झाला, हे समजण्यासारखं आहे. पण नेहमीचं अन्न खाणाऱ्या माणसात त्याची कमतरता क्वचितच आढळते. २०१३ मध्ये कॉक्रेन या वैद्यकीय प्रयोग एकत्र तपासणाऱ्या संस्थेनं वजन जास्त असलेल्या लोकांवरचे नऊ प्रयोग, मिळून ६२२ माणसं, तपासले. बारा ते सोळा आठवड्यांत क्रोमियम पिकोलिनेट घेणाऱ्यांचं वजन खोट्या गोळीच्या तुलनेत साधारण १.१ किलोनं जास्त उतरलं होतं, आणि तो पुरावाही कच्चा असल्याचं त्यांनी नोंदवलं. २०१४ मध्ये युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेनं तर क्रोमियम शरीराला आवश्यक आहे याचाच पटण्यासारखा पुरावा नाही असं म्हटलं.

माझा अनुभव त्याला धरूनच आहे. साधारण साडेचार महिन्यांत गोडाची ओढ कमी झाली नाही. दिवाळीत करंज्या तेवढ्याच खाव्याशा वाटल्या. बंद केल्यावरही काही वाटलं नाही. माझ्या भावानं भोसरीत प्लेटिंगच्या शॉपमध्ये वीस वर्षं काम केलं आहे, तो क्रोमियमचं नाव ऐकूनच हादरला होता. त्याच्यासारख्या कोणाला भीती वाटत असेल तर सांगते, टाक्यांमधलं घातक क्रोमियम सहा संयुजेचं असतं, गोळीतलं तीन संयुजेचं. दोन्ही एक नव्हेत. पण विष नाही एवढ्यानं एखादी गोष्ट उपयोगी ठरत नाही, आणि महिन्याचे तीनशे रुपये मी त्यावर पुन्हा घालणार नाही.

मॅग्नेशियमचं मात्र वेगळं आहे. ते मी आजही घेते. वजनासाठी अजिबात नाही. मला वर्षानुवर्षं पहाटे पोटऱ्यांत गोळे यायचे, ओरडून उठायचे. ते आठवड्यातून तीन-चारदा व्हायचं, ऑक्टोबरपासून महिन्यातून एखाद्या वेळी होतं. पोट रोज साफ होतं. झोप थोडी बरी लागते, पण ते रात्री जेवण लवकर झाल्यामुळेही असेल, त्याचं श्रेय मी गोळीला देत नाही. इन्शुलिनचा निरोप पेशीच्या आत पोचायला मॅग्नेशियम लागतं, हे खरं आहे. साखर वाढलेल्या माणसाचं मॅग्नेशियम लघवीवाटे जास्त जातं, हेही खरं. म्हणून ज्याच्यात ते कमी आहे त्याला भरून काढल्याचा फायदा होऊ शकतो. अडचण अशी की रक्ततपासणीत ते सहसा पकडलं जात नाही. शरीरातल्या एकूण मॅग्नेशियमचा एक टक्काही रक्तद्रवात नसतो, बाकीचं हाडांत आणि स्नायूंत. माझा रिपोर्ट ‘नॉर्मल’ होता आणि गोळे तरीही येत होते. ॲसिडिटीची पँटोप्राझोलसारखी गोळी वर्षानुवर्षं घेणाऱ्यांनी याबद्दल डॉक्टरांशी जरूर बोलावं, त्यांच्यात ते खालावू शकतं.

इथे एक प्रसंग सांगायलाच हवा. माझे गोळे कमी झाले म्हणून मी सासूबाईंनाही तीच गोळी द्यायला निघाले होते, त्यांचेही पाय रात्री दुखतात. नशिबानं आधी विचारलं. त्यांचं क्रिएटिनिन वाढलेलं आहे. मूत्रपिंड कमजोर असेल तर जादा मॅग्नेशियम बाहेर पडत नाही, रक्तात साठतं, रक्तदाब आणि हृदयाचे ठोके खाली जाऊ शकतात. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना आपल्या डबीतली गोळी काढून देऊ नका. मी देणारच होते, म्हणून कळकळीनं सांगते आहे.

झिंक मी घेतलं नाही. जाऊबाईंनी ५० मि.ग्रॅ.ची गोळी उपाशीपोटी घेतली आणि त्यांना उलट्या झाल्या. एवढा मोठा डोस महिनोन्‌महिने घेतला तर शरीरातलं तांबं कमी होतं, तेव्हा ‘केसांसाठी, वजनासाठी’ म्हणून ते चालू ठेवू नये.

मग वजन उतरलं का? उतरलं, पण ऑक्टोबरनंतर, क्रोमियम सोडल्यावर. तेव्हा दोन गोष्टी सुरू केल्या. रात्रीचं जेवण साडेसातला, भाताऐवजी ज्वारीची किंवा बाजरीची एक भाकरी, पालेभाजी, उसळ. आणि जेवणानंतर लगेच वीस मिनिटं सोसायटीतच फेऱ्या, अहो सोबत असतात. शाळेतून आल्यावर चहाबरोबरची खारी बंद, तिथे मूठभर भाजलेले शेंगदाणे-फुटाणे. यात खनिजांचा हिशेबही आपोआप सुधारतो. पॉलिश केलेल्या शंभर ग्रॅम तांदळात मॅग्नेशियम साधारण २० मि.ग्रॅ., तेवढ्याच ज्वारी-बाजरीत १२० ते १३०. तीळ आणि राजगिऱ्यात त्याहून जास्त. आमच्या आजीच्या घरात ज्वारी रोजची होती, भात सणाचा. मधल्या काळात आम्ही ते उलटं केलं.

या बाबतीत आपल्याला जास्त जपायला हवं असं मला वाटतं. पुण्यातल्या के. ई. एम. रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी ब्रिटिश सहकारी डॉ. जॉन युडकिन यांच्यासोबतचा स्वतःचा फोटो २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापला होता. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजनाचा आकडा, सारखाच, २२.३. पण अंगातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. म्हणजे काट्यावर बारीक दिसणारा भारतीय माणूसही आत चरबी बाळगून असू शकतो. म्हणून मी आता वजनापेक्षा कंबर मोजते. जानेवारीअखेर कंबर ९४ वरून ८९.५, वजन ७१.२, एचबीए१सी ५.८. बायकांसाठी ८० सेंटिमीटरच्या आत हवी असं सांगतात, अजून बरंच अंतर आहे.

सध्याचा क्रम असा: सकाळी सहाला थायरॉईडची गोळी आणि साधं पाणी, पावणेसातला चहा-नाश्ता, रात्री साडेनऊला मॅग्नेशियम ग्लायसिनेट, एलिमेंटल १४० मि.ग्रॅ. महिन्याचा खर्च साडेचारशेच्या आसपास. पुढचं टीएसएच आणि एचबीए१सी मे महिन्यात करायचं आहे. आकडे आले की इथेच खाली भर घालेन, चांगले आले तरी आणि वाईट आले तरी. जाऊबाईंनाही थायरॉईड आहे, त्यांची तपासणी या शनिवारी करून घेते आहे.