गेट, फर्निचर, स्लॅब, बोअर: मराठवाड्यात कोणत्या कामाला किती उचल द्यावी

"निम्मे आधी द्या, बाकीचे काम झाल्यावर." वाळूजच्या शेडमध्ये जा नाहीतर उदगीरच्या सुताराकडे, बोलणी इथूनच सुरू होतात. गिऱ्हाईकही फार विचार न करता निम्मे मोजून देतं. हा निम्म्याचा आकडा कशावरून आला, हे मात्र कुणी विचारत नाही. त्यात माल किती आणि मजुरी किती, हे कळल्याशिवाय दिलेली उचल म्हणजे बिनव्याजी उसने दिलेले पैसे. घर बांधताना लागणाऱ्या चार-पाच सेवांचा हा आढावा उचलीच्या अंगानं घेतला आहे: पैसे कुठे अडकतात, का अडकतात आणि कुठे बिनघोर द्यावेत.

बुडालेल्या उचलीमागे दर वेळी लबाडीच असते असं नाही. बहुतेक लहान कारागिरांकडे स्वतःचं भांडवल नसतं. तुमच्या पैशातून मागच्या गिऱ्हाइकाचं रखडलेलं काम उरकतं आणि तुमचा माल पुढच्या गिऱ्हाइकाच्या पैशातून यायचा असतो. याची टोपी त्याला. नवीन काम येत असतं तोवर हे चक्र फिरतं. लग्नसराई संपली, पाऊस लांबला, कापूस-सोयाबीनला भाव मिळाला नाही की नवीन कामं थांबतात, आणि त्या वेळी रांगेत शेवटी उभा असलेला बुडतो. म्हणून कारागीर ओळखीचा आहे, देवमाणूस आहे, एवढ्यावर उचलीचा आकडा ठरवू नये. आपल्या पैशाचा माल आपल्या अंगणात कधी पडतो, हे बघावं.

आमचा हिशोब सरळ आहे. उचल म्हणजे पहिल्या टप्प्याच्या मालाची किंमत आणि फार तर दोन-तीन दिवसांची मजुरी. जमेल तिथे मालाचे पैसे थेट दुकानदाराला द्यावेत आणि बिल आपल्या नावानं घ्यावं.

फॅब्रिकेशन: गेट, जाळी, जिना, पत्र्याचं शेड

या कामाला उचल द्यावीच लागते आणि ती मागणं रास्तही आहे. तुमच्या मापाचं गेट दुसऱ्या कुणाला विकता येत नाही, त्यामुळे तुम्ही फिरलात तर कारागिराच्या हाती भंगार उरतं. एकूण रकमेत लोखंडाचा वाटाही मोठा असतो. इथे पैसे अख्खे बुडण्यापेक्षा गेजात, म्हणजे पत्र्या-पाइपाच्या जाडीत, जास्त जातात; गेजचा आकडा वाढला की माल पातळ. १० फूट रुंद, ६ फूट उंच गेटला एका बाजूनं पत्रा मारायचा तर ६० चौरस फूट पत्रा लागतो. १६ गेजचा (साधारण १.६ मिमी) घेतला तर त्याचं वजन ७० किलोच्या आसपास भरतं, १८ गेजचा (१.२ मिमी) घेतला तर ५२-५३ किलो. नुसत्या पत्र्यात १७ किलोंचा फरक पडतो, चौकटीचा पाइप वेगळाच. रंग चढल्यावर डोळ्यांना काही कळत नाही.

दर चौरस फुटावर ठरला की माल पातळ वापरण्याकडे कल जातो, किलोवर ठरला की वजन वाढवण्याकडे. फुटावर दर असेल तर चिठ्ठीत गेज लिहून घ्या आणि जोडणी सुरू होण्याआधी, पाइप कापलेला असताना, उघड्या तोंडाला व्हर्निअर (जाडी मोजायचं साधन) लावा. किलोवर दर असेल तर रंगाआधी काट्यावर वजन करून पावती घ्या. गंज घासून काढला आहे आणि रेड ऑक्साइडचा प्रायमर मारला आहे हेही त्याच फेरीत बघा. गंजावरच प्रायमर मारला तर पहिल्याच पावसाळ्यात पापुद्रे सुटतात.

पैसे तीन हप्त्यांत द्यावेत. माल शेडवर आला की मालाएवढे, गेट जोडून उभं राहिलं की मजुरीचे बहुतेक, आणि बसवून, बिजागऱ्यांवर चार दिवस झुलवून पाहिल्यावर उरलेले दहा टक्के. दहा टक्क्यांपेक्षा जास्त अडकवून ठेवू नये. त्यालाही त्याच्या माणसांची आठवड्याची मजुरी बाजाराच्या दिवशी द्यायची असते.

सेवा म्हणून शेरा: उचल द्यायला हरकत नाही, पण गेज लिहून घेतल्याशिवाय देऊ नये.

ॲल्युमिनियमच्या खिडक्या

इथे धोका मापाचा आहे. प्लास्टर आणि ग्रॅनाइटची चौकट होण्याआधी माप घेऊन सेक्शन (खिडकीच्या ॲल्युमिनियमच्या पट्ट्या) कापलं तर खिडकी बसत नाही, आणि चूक कुणाची यावर उचल लटकते. चौकट पूर्ण झाल्यावर घेतलेलं माप कागदावर लिहून दोघांच्या सह्या करा, त्यानंतरच पैसे द्या. दोन ट्रॅक की तीन, काच ४ मिमी की ५ मिमी, डासांच्या जाळीचं पल्लं धरलंय का, एवढं त्याच कागदावर येऊ द्या. बाकी हे काम तीन-चार दिवसांचं असतं, फार अडत नाही.

फर्निचर आणि मॉड्युलर किचन

सगळ्यांत जास्त जपायचं ते इथेच. शोरूमवाले पन्नास-साठ टक्के आधी मागतात, आणि त्या बदल्यात तुमच्या हातात एक रंगीत चित्र येतं. माल कुठे पडलाय, तुमच्या नावचा कोणता, हे दाखवायला काहीच नसतं. गावातला सुतार घरी येऊन काम करणार असेल तर मामला बराच सुरक्षित होतो, कारण प्लाय तुमच्या घरात पडतो.

किती प्लाय लागेल हे आधी स्वतः मोजता येतं. ६ फूट रुंद, ७ फूट उंच, २ फूट खोल कपाट घ्या. दोन बाजू आणि मधला एक पडदा मिळून ४२ चौरस फूट, तळ-माथा आणि चार फळ्या मिळून ७२, दारं ४२. बेरीज १५६ चौरस फूट. ८ बाय ४ ची शीट ३२ चौरस फुटांची, म्हणजे पाचच्या आत बसतं, कापणीतली नासाडी धरून १८ मिमीच्या ६ शीट. पाठीला ६ मिमीच्या २. सुतारानं याच कपाटाला ९ शीट सांगितल्या तर तीन शीट कुठे जाणार, हे उचल देण्याआधी विचारा. खण जास्त असतील, ड्रॉवर असतील तर त्याचं उत्तर बरोबर असू शकतं, मग तेही यादीत लिहून घ्या.

प्रमाणित प्लायच्या प्रत्येक शीटवर आयएसआयचा शिक्का असतो. आयएस ७१० म्हणजे पाण्यात टिकणारा मरीन प्लाय, आयएस ३०३ म्हणजे सर्वसाधारण वापराचा. सिंकखालच्या कपाटाला ७१० घ्यावा, कोरड्या खोलीतल्या कपाटाला ३०३ भागतो. किचनच्या बोलीत ७१० आणि प्रत्यक्षात ३०३, ही अदलाबदल सनमायका चिकटल्यावर ओळखू येत नाही. म्हणून चिकटवण्याआधी शिक्क्यांचे फोटो काढून ठेवा. प्लाय, सनमायका, चॅनेल, बिजागऱ्या यांची यादी सुताराकडून घ्या, दुकानात दोघं मिळून जा, पैसे दुकानदाराच्या खात्यावर टाका. दुकानदार सुताराला कमिशन देतो हे उघड गुपित आहे. ते मान्य करूनही हा व्यवहार गिऱ्हाइकाला स्वस्त पडतो, कारण उचल बुडायची शक्यताच उरत नाही. सुताराची मजुरी आठवड्याच्या आठवड्याला, झालेल्या कामावर द्यावी.

शोरूममधूनच करायचं असेल तर सुरुवातीला दहा टक्क्यांवर अडून राहा. शेवटचं माप आणि नकाशा सहीनिशी झाला, माल कापायला घेतला, तुमच्या नावाचे डबे तयार झालेले डोळ्यांनी पाहिले, या प्रत्येक पायरीला पुढचा हप्ता. जीएसटी नोंदणी असलेला दुकानदार सेवेपोटी आगाऊ रक्कम घेतो तेव्हा त्यानं रीतसर पावती द्यायची असते. नोंदणी क्रमांक १५ अक्षरांचा असतो, महाराष्ट्राचा २७ नं सुरू होतो आणि जीएसटीच्या संकेतस्थळावर टाकला की फर्मचं नाव दिसतं. पाटीवरचं नाव, पावतीवरचं नाव आणि क्यूआर कोड स्कॅन केल्यावर येणारं नाव ही तिन्ही जुळत नसतील तर पैसे टाकू नका.

शेरा: घरी काम करणारा सुतार उत्तम, निम्मी उचल मागणारं शोरूम टाळावं.

घराचं गुत्तं

गुत्तेदाराला (ठेकेदाराला) मजुरीवर काम द्या किंवा मालासकट द्या, टप्पे एकच: पाया-जोतं, बांधकाम, स्लॅब, प्लास्टर, फरशी. पैसे टप्पा संपल्यावर सुटावेत. उचल फक्त सेंट्रिंगचं (स्लॅबखालच्या टेकू-फळ्यांचं) सामान आणायला आणि माणसं बसवायला. मालासकट गुत्त्यात पैसे बुडतात ते स्लॅबच्या आधी, कारण तेव्हाच सर्वांत मोठी रक्कम मागितली जाते. ती तपासायला हिशोब ठेवा: १,००० चौरस फुटांचा ५ इंची स्लॅब म्हणजे जवळपास ११.८ घनमीटर काँक्रीट, एम-२० दर्जाच्या काँक्रीटला त्यात साधारण ९५ गोणी सिमेंट, बीम वेगळे. दीडशे गोण्यांचे पैसे मागितले तर बीमचा हिशोब मांडून दाखवायला सांगा.

सळई जालन्याची असो की कुठलीही, वजनाबरोबर नगही मोजा. १२ मीटरच्या सळईचं वजन ८ मिमीला ४.७४ किलो, १० मिमीला ७.४ आणि १२ मिमीला १०.६६ किलोच्या आसपास यायला हवं. नग गुणिले वजन काट्याच्या पावतीशी थोड्या फरकानं जुळलं पाहिजे. वाळू ब्रासवर येते. १ ब्रास म्हणजे १०० घनफूट, तेव्हा गाडीच्या हौद्याची लांबी, रुंदी आणि भरलेली उंची टेपनं मोजूनच गाडी खाली करा.

आपल्याकडचा आणखी एक धोका हंगामाचा. दसरा-दिवाळीच्या सुमारास बीड, धाराशिवकडची माणसं मुकादमाची उचल घेऊन ऊसतोडीला निघतात ती मार्च-एप्रिलपर्यंत परतत नाहीत. भाद्रपदात गुत्तं देताना टोळीतले मजूर कुठले आहेत, हे नक्की विचारा. माणसंच उरली नाहीत तर गुत्तेदाराची नियत साफ असूनही तुमचे पैसे सहा महिने अडकतात.

बोअर

बोअरची गाडी दिवसभरात काम उरकून निघून जाते, म्हणून उचल नाममात्र असावी, आणि ती एजंटाला न देता गाडी शेतात उभी राहिल्यावर द्यावी. पैसे इथे मोजणीत जातात. पहिल्या ठरावीक फुटांना एक दर आणि पुढे खोलीगणिक चढता दर, हा तक्ता आधी लिहून घ्या. रॉडची लांबी टेपनं मोजा, उतरलेले रॉड खडूनं मोजत राहा, केसिंगचे (बोअरमध्ये बसवायच्या पाइपचे) फूट वेगळे लिहा. गाडी जाण्याआधी दोरीला वजन बांधून खोली तपासा.

चिठ्ठी

कशावरही लिहा, पण लिहा. "दि. … रोजी १० × ६ फूट गेट, पत्रा व पाइप १६ गेज, एकूण ठरलेली रक्कम …, त्यापैकी मालापोटी आगाऊ … रुपये मिळाले. माल … तारखेपर्यंत शेडवर दाखवीन, गेट … तारखेला बसवीन. माल न आणल्यास पूर्ण रक्कम सात दिवसांत परत करीन." खाली सही, मोबाइल, राहता पत्ता. ५,००० रुपयांच्या वरच्या पावतीला १ रुपयाचं रेव्हेन्यू तिकीट लावून त्यावर सही घ्यावी.

यात "इसार" हा शब्द टाळा. बोलताना आपण इसार, बयाणा, उचल सगळं एकाच अर्थानं वापरतो, पण कायद्याच्या नजरेत इसार म्हणजे सौदा पाळण्याची हमी. देणारा फिरला तर वाजवी इसार जप्त होऊ शकतो. मालापोटी दिलेली आगाऊ रक्कम तशी सहज जप्त करता येत नाही, समोरच्याला झालेलं वाजवी नुकसान वजा करून ती परत मागता येते. काम तुम्हालाच रद्द करावं लागलं तर या एका शब्दानं बराच फरक पडतो. पैसे खात्यावरून द्या आणि शेऱ्यात "गेट मालापोटी आगाऊ" असं लिहा. २ लाख किंवा त्याहून जास्त रक्कम रोखीत घेणं घेणाऱ्याला आयकर कायद्यानंच मना आहे.

पैसे अडकलेच तर

आधी व्हॉट्सॲपवर तारीख घालून स्पष्ट मागणी करा आणि तोच मजकूर पोचपावतीसह स्पीड पोस्टानं पाठवा. नुसत्या फोनवरच्या "उद्या बघू" मध्ये महिने जातात. पोलीस बहुधा "दिवाणी मामला" म्हणून परत पाठवतात, कारण फसवणुकीच्या गुन्ह्याला पैसे घेतानाच लुबाडण्याचा हेतू दिसावा लागतो. पत्ता खोटा निघाला, फर्मच अस्तित्वात नाही, तोच माल चार जणांना दाखवून उचल घेतली, असे पुरावे असतील तर तक्रारीला वजन येतं.

गुत्त्यानं दिलेल्या कामासाठी जिल्हा ग्राहक आयोग हा सर्वांत जवळचा रस्ता. तक्रार दोन वर्षांच्या आत करावी लागते, मोबदला ५ लाखांपर्यंत असेल तर फी नाही, वकील सक्तीचा नाही, आणि कारागीर दुसऱ्या जिल्ह्यातला असला तरी तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार दाखल होते. आधी १९१५ या राष्ट्रीय हेल्पलाइनवर नोंद केली तर कधी कधी दुकानदार तिथेच तडजोडीला येतो. दिवाणी दाव्याची मुदत तीन वर्षं.

परतफेडीचा चेक हातात पडला की तो ठेवून देऊ नका, त्याची मुदत तीन महिनेच असते. तो वटला नाही तर बँकेचा मेमो मिळाल्यापासून ३० दिवसांत लेखी नोटीस गेली पाहिजे. नोटीस पोचल्यावर पैसे द्यायला त्याला १५ दिवस मिळतात, आणि तेही उलटले की पुढच्या एका महिन्यात कोर्टात फिर्याद.