पावसाळ्याच्या तोंडावर कोल्ड एअर इनटेक बसवताय? आधी माझं काय झालं ते वाचा

आधीच सांगतो, चूक माझी पण आहे, त्यामुळे "तुला अक्कल नव्हती का" हे बायकोकडून रोज ऐकून झालंय, परत नको. दुकानाचं नाव टाकत नाही, तक्रार चालू आहे. पुण्यातलंच आहे, बाहेर एलईडीच्या माळा, आत अलॉय व्हील टांगलेली, आणि मालक तोंडाचा इतका गोड की विचारू नका.

गाडी साधी 1200 सीसी पेट्रोल हॅचबॅक. कोल्ड एअर इनटेक म्हणजे कंपनीचा हवेचा डबा (एअर बॉक्स) काढून त्याच्या जागी पाइप आणि उघडा फिल्टर, इंजिनला बाहेरची थंड हवा मिळावी म्हणून. मला नुसता आवाज हवा होता खरं तर, तो अॅक्सिलरेटर दाबल्यावर फुस्स करून हवा ओढल्याचा आवाज येतो ना, तेवढाच. तर हा म्हणतो, "दादा, आवाज तर येईलच, वर 12 बीएचपी वाढतील आणि मायलेज पण वाढेल." बीएचपी म्हणजे इंजिनची ताकद. डायनोची, म्हणजे ती ताकद मोजणाऱ्या मशीनची, स्लिप दाखवली मोबाईलवर. त्या स्लिपवर गाडीचं मॉडेल कुठं होतं हे मी बघितलंच नाही, आणि 80-85 बीएचपीच्या टर्बो नसलेल्या गाडीला नुसत्या पाइप आणि फिल्टरने 12 कुठून येतील हा प्रश्न तेव्हा डोक्यात आला नाही. येतात ते एखाद-दोन, ते पण सीटवर बसून कळत नाहीत.

मी पावसाचं विचारलं होतं बरं का. मे संपत आला होता, रोज हिंजवडीला जायचं असतं, म्हणलं भाऊ पाणी नाही ना जाणार आत? तर त्याने काउंटरखालून एक काळी फोमची रिंग काढली. "हा बायपास व्हॉल्व्ह. फिल्टर पाण्यात गेला तर हा उघडतो, वरून हवा घेतो, इंजिन पाणी ओढतच नाही. इम्पोर्टेड आहे, याचे 4,000 वेगळे." आता गंमत अशी की असा व्हॉल्व्ह खरंच असतो. पाइपला वरच्या बाजूला भोकं असतात, त्यावर फोमचा पडदा, खालचं तोंड बुडालं की इंजिनची ओढ वाढते, पडदा हलतो आणि वरून हवा आत येते. मी घरी येऊन नेटवर वाचलं, म्हणलं माणूस खोटं बोलत नाहीये. इथंच फसलो.

एकूण 16,500. बिल मागितलं तर कच्च्या कागदावर आकडा लिहून दिला, पैसे क्यूआरवर घेतले, ते दुकानाच्या नव्हे तर कुणा भलत्याच माणसाच्या नावावर गेले. बोलणं सगळं तोंडी नाहीतर कॉलवर, टाइप करून एक अक्षर पाठवलं नाही त्याने, का ते आता कळतंय. कंपनीचा एअर बॉक्स काढला तो परत मागितला तर म्हणे, "दादा तो क्लिप तुटलेला डबा घेऊन काय करणार, भंगार आहे, इथंच राहू द्या." क्लिप तुटलेली होती हे खरं, मीच हिरवा केबल टाय लावून ठेवला होता.

फिल्टर बसवला कुठे, तर बंपरच्या आत फॉगलॅम्पच्या मागे. का, तर तिथं थंड हवा मिळते. बरोबर आहे, थंड हवा खालीच मिळते, पण रस्त्यावरचं पाणी पण खालीच असतं की राव. कंपनी तोंड वर बॉनेटच्या कडेला ठेवते ते काय उगाच नाही.

जून निघून गेला. नुसत्या पावसाने काही होत नाही, बाहेरून उडालेल्या तुषारांनी पण नाही. जुलैत एका रात्री नऊच्या सुमारास परत येताना भूमकर चौकाच्या अलीकडे पाणी साचलेलं, अर्धं चाक बुडेल एवढं, याच्याएवढ्या पाण्यातून मी दोन पावसाळे गेलोय जुन्या डब्यावर. पहिल्या गिअरमध्ये हळूहळू निघालो, समोरून पीएमटीची बस आली, तिची लाट बंपरवर आपटली आणि गाडी खाट् करून बंद. आणि मग मी ती चूक केली जी कुणीही करू नका, परत सेल्फ मारला. एकदा टक् झालं, दुसऱ्यांदा ते पण नाही.

आमच्या नेहमीच्या गॅरेजवाल्या काकांनी दुसऱ्या दिवशी प्लग काढून इंजिन फिरवलं तर प्लगच्या भोकातून पाण्याची पिचकारी. मग भोकातून सळई घालून बघितलं, तिसऱ्या सिलेंडरचा पिस्टन बाकीच्यांपेक्षा खालीच थांबतोय, म्हणजे कनेक्टिंग रॉड वाकलेला. काका म्हणले, हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. मी नंतर हिशोब केला, एका सिलेंडरला 300 सीसी, कॉम्प्रेशन 11 ला 1 धरलं तर पिस्टन वर आल्यावर जागा उरते फक्त 30 सीसी. म्हणजे एक स्मॉल पेग. तेवढं पाणी आत गेलं की रॉड वाकायला बास. गाडी बंद पडल्यावर तशीच ढकलून बाहेर काढली असती आणि आधी प्लग काढून पाणी काढलं असतं तर कदाचित थोडक्यात निभावलं असतं, असं काकांचं मत.

मग त्यांनी तो इम्पोर्टेड व्हॉल्व्ह ब्लेडने कापला. फोम चारी बाजूंनी गोंदाने चिकटवलेला, आणि खाली पाइपला एकही भोक नाही. एकही. नुसता प्लॅस्टिकचा पाइप आणि वर स्पंजची बांगडी, 4,000 रुपये.

इन्शुरन्सचं थोडक्यात सांगतो. झिरो डेप पॉलिसी होती, म्हणजे पार्टचा घसारा न कापणारी, मला वाटायचं त्यात सगळं येतं. येत नाही. पाणी ओढून इंजिन गेलं तर वेगळं इंजिन प्रोटेक्ट कव्हर लागतं, ते मी हजारभर रुपये वाचवायला घेतलं नव्हतं. आणि घेतलं असतं तरी सर्व्हेअरने पहिला प्रश्न विचारला तो हाच, हे मॉडिफिकेशन कंपनीला कळवलं होतं का? गॅरेजचं बिल 64,000 झालं.

दुकानात गेलो तर सूरच बदललेला. "पाण्यात गाडी घालायला कुणी सांगितलं?" कापलेला व्हॉल्व्ह टेबलावर ठेवला तर म्हणे हा आमचा नाहीच, बिल दाखवा. दादाचं एकदम "ओ साहेब" झालं. ग्राहक हेल्पलाइनवर, 1915 ला, तक्रार टाकली आहे, क्यूआरच्या पेमेंटचा स्क्रीनशॉट आणि बसवतानाचे दोन फोटो सोडले तर हातात काही नाही. निघताना म्हणलं निदान माझा एअर बॉक्स तरी द्या, तो तर भंगारात गेला म्हणाला, पण पोराला हाक मारली, "साहेबांच्या गाडीचा ओरिजिनल सेकंडहँड असेल बघ एखादा." पोराने माळ्यावरच्या रांगेतून एक डबा खाली काढला, मार्करने 2,500 लिहिलेला. नवीन आणायला दहा दिवस लागणार होते आणि काकांकडे गाडी उघडी पडलेली, म्हणून पैसे दिले. गाडीत बसल्यावर नीट बघितला तेव्हा क्लिपच्या जागी हिरवा केबल टाय दिसला.